कोप शमवणारा म्हणजे कोण? प्रायश्चित्त, दयासन आणि कैवारी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोप शमवणारा म्हणजे नेमके कोण?

दुखावलेला पक्ष आणि दुखावणारा पक्ष यांच्यातला राग ज्याच्यामुळे निवतो, आणि दुखावलेला पक्ष ज्याच्यामुळे पुन्हा प्रसन्न होतो, तो. इंग्रजीतला ‘प्रोपिशिएटर’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘प्रोपिशियस’ म्हणजे अनुकूल, प्रसन्न हा अर्थ आहे. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात हे नाव येशू ख्रिस्ताला देतात आणि त्याच्या कार्याला ‘प्रोपिशिएशन’ म्हणतात. मराठी पवित्र शास्त्रात या कार्यासाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द रुळला आहे.

हा शब्द कुठेही भेटला की चार गोष्टी विचाराव्यात: शमवतो कोण, कोणाला, कशाने, आणि ही व्यवस्था केली कोणी? पहिल्या तिन्हींची उत्तरे बहुतेक वाचक देतात. चौथा प्रश्न राहून जातो आणि अर्थाचा घोळ बहुधा तिथेच होतो.

मूळ भाषांत कोणते शब्द आहेत?

जुन्या कराराच्या हिब्रूत ‘किप्पेर’ हे क्रियापद आहे. प्रायश्चित्त करणे, झाकणे किंवा पुसून टाकणे, खंडणी भरणे अशा छटा अभ्यासक त्यात दाखवतात. त्याच धातूपासून ‘कप्पोरेत’ (दयासन, म्हणजे कराराच्या पाट्यांच्या पेटीचे झाकण) आणि ‘किप्पुरीम’ (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या नावातला शब्द) आले. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘किप्पेर’साठी बहुतेक ठिकाणी ‘हिलास्कोमाय’ या कुळातले शब्द वापरले.

नव्या करारात हे कुळ फार थोड्या जागी आहे. ‘हिलासमोस’ 2 वेळा: 1 योहान 2:2 आणि 4:10. ‘हिलास्तेरिओन’ 2 वेळा: रोम 3:25 आणि इब्री 9:5. क्रियापद ‘हिलास्कोमाय’ 2 वेळा: लूक 18:13 आणि इब्री 2:17. ‘हिलेओस’ हे विशेषणही 2 वेळाच: मत्तय 16:22 आणि इब्री 8:12. एकूण 8 जागा. मत्तय 16:22 मध्ये तर पेत्राच्या तोंडी ते नुसते ‘देव न करो’ अशा उद्गारासारखे आले आहे. म्हणजे एवढा मोठा सिद्धान्त या मोजक्या वचनांवर आणि त्यांच्यामागे असलेल्या, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या विधींवर उभा आहे. लेवीय वगळून तो समजून घेता येत नाही.

मग नव्या करारात ‘शमवणारा’ असा व्यक्तिवाचक शब्द आहे का?

स्वतंत्र नाम म्हणून नाही. योहान ख्रिस्ताला ‘हिलासमोस’ म्हणतो, आणि हे क्रियेचे किंवा साधनाचे नाव आहे. ‘तो प्रायश्चित्त करतो’ असे न म्हणता ‘तोच प्रायश्चित्त आहे’ असे तो लिहितो. याजक आणि अर्पण हे दोघे इथे एकाच व्यक्तीत येतात.

एक जागा मात्र खुली आहे. रोम 3:25 मधला ‘हिलास्तेरिओन’ व्याकरणाने नपुंसकलिंगी नाम असू शकतो, तसाच पुल्लिंगी विशेषणाचे द्वितीया रूपही. विशेषण मानले तर ‘ज्याला देवाने शमवणारा म्हणून पुढे ठेवले’ असा अर्थ निघतो. नाम मानले तर ‘दयासन’ किंवा ‘प्रायश्चित्ताचे साधन’. दयासनाच्या बाजूने सांगतात ते असे की, ग्रीक जुन्या करारात आणि इब्री 9:5 मध्ये हा शब्द त्याच वस्तूसाठी येतो. उलट बाजू दाखवते की, दयासनासाठी तो सहसा उपपदासह (इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दासह) येतो आणि रोमच्या पत्राचा लेखक पौल याने उपपद लावलेले नाही. आमच्या मते दयासनाचा संदर्भ पौलाच्या मनात नक्की होता, कारण त्याच वाक्यात रक्त आहे आणि देवाने ‘पुढे ठेवणे’ आहे. दयासन अंतरपटाआड लपलेले असे, आणि इथे ते सर्वांसमोर मांडले जाते. पण केवळ व्याकरणावर हा वाद मिटत नाही.

‘कोप शमवणे’ आणि ‘पाप पुसणे’ यांत एवढा वाद कशासाठी?

कारण क्रियेचे कर्म बदलते. कोप शमवला जातो तो व्यक्तीचा, आणि पुसले जाते ते पाप. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘प्रोपिशिएशन’ आणि दुसऱ्यासाठी ‘एक्स्पिएशन’ असे वेगळे शब्द आहेत. मराठीतले ‘प्रायश्चित्त’ दोन्हीकडे चालते, म्हणून मराठी वाचकाला हा वाद बराच काळ दिसतच नाही.

1931 साली नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी एका लेखात असे मांडले की, ग्रीक जुन्या करारात या क्रियापदाचे कर्म देव क्वचितच असतो. तेव्हा त्याचा अर्थ पाप दूर करणे असा घ्यावा. त्यांचे व्याकरणाचे निरीक्षण साधार आहे. देवाला किंवा त्याच्या मुखाला कर्म करणाऱ्या जागा थोड्याच आहेत: जखऱ्या 7:2, 8:22 आणि मलाखी 1:9. इब्री 2:17 मध्येही कर्म ‘लोकांची पापे’ हेच आहे. 1955 मध्ये लिऑन मॉरिस आणि रॉजर निकोल यांनी उत्तर दिले की, कर्म काहीही असो, संदर्भात देवाचा क्रोध ठायी ठायी आहे. रोम 1:18 पासून 3:20 पर्यंत पौल क्रोध आणि न्याय यांविषयीच बोलतो. 3:25 मध्ये त्या क्रोधाचे काहीच झाले नाही, तर आधीचे सारे विवेचन लोंबकळत राहते.

भाषांतरांतही ही रस्सीखेच दिसते. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात ‘प्रोपिशिएशन’ होते. 1946 च्या सुधारित नव्या कराराने ‘एक्स्पिएशन’ घेतले, आणि 2001 च्या एका भाषांतराने पुन्हा ‘प्रोपिशिएशन’ आणले. दोन्ही अर्थ एकमेकांना मारत नाहीत. पाप दूर झाले की त्याच्यावरचा कोप राहायला जागाच उरत नाही. पण फक्त ‘पुसणे’ घेतले, तर पाप कोणाविरुद्ध होते हे निसटते, आणि फक्त ‘शमवणे’ घेतले, तर पापाचे प्रत्यक्षात काय झाले हे निसटते.

ग्रीक लोक देवतांना शमवत, त्यापेक्षा हे वेगळे कसे?

‘इलियड’च्या पहिल्या सर्गात अपोलो रागावतो आणि छावणीत साथ पसरते. मग पुजाऱ्याची मुलगी परत पाठवतात, मोठा पशुयज्ञ करतात आणि दिवसभर स्तोत्रे गाऊन त्याला शमवतात. क्रियापद तेच, ‘हिलास्कोमाय’. तिथे माणूस देतो, देवता घेते आणि तिचे मन पालटते.

बायबलमध्ये चौथ्या प्रश्नाचे उत्तर निराळे येते. लेवीय 17:11 मध्ये देव म्हणतो की, वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी रक्त मीच तुम्हाला दिले आहे. रोम 3:25 मध्ये पुढे ठेवणारा देव आहे. 1 योहान 4:10 मध्ये तर क्रमच सांगितला आहे: आम्ही देवावर प्रीती केली असे नव्हे, तर त्याने आमच्यावर केली आणि पुत्राला पाठवले. प्रीती प्रायश्चित्तातून निघालेली नाही, प्रायश्चित्तच प्रीतीतून निघाले आहे.

प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक काय काय करी?

लेवीयच्या 16 व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे. सातव्या महिन्याचा 10 वा दिवस. प्रमुख याजक अंग धुऊन तागाची साधी वस्त्रे घाली: अंगरखा, चोळणा, कंबरपट्टा, मंदील. रोजची भरजरी वस्त्रे या विधीसाठी चालत नसत. स्वतःच्या पापार्पणासाठी एक गोऱ्हा आणि होमार्पणासाठी एक मेंढा. लोकांच्या पापार्पणासाठी दोन बकरे आणि होमार्पणासाठी एक मेंढा.

दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकत, एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी (म्हणजे रानात सोडून देण्यासाठी). आधी तो स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी गोऱ्हा वधी. मग वेदीवरच्या निखाऱ्यांनी भरलेले धूपाटणे आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला सुगंधी धूप घेऊन अंतरपटाच्या आत जाई. धूप निखाऱ्यांवर आतच घालायचा. त्याच्या धुराने दयासन झाकले गेले नाही तर तो मरेल, असे 13 व्या वचनात बजावले आहे. अध्यायाची सुरुवातच पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या दोन मुलांच्या मृत्यूच्या उल्लेखाने होते. आपल्या मर्जीने अग्नी नेल्यावर काय होते, ते 10 व्या अध्यायात वाचकाने आधीच पाहिलेले असते.

मग गोऱ्ह्याचे रक्त बोटाने दयासनाच्या पूर्वेकडच्या बाजूवर एकदा आणि दयासनासमोर 7 वेळा शिंपडी. बाहेर येऊन लोकांचा बकरा वधी आणि त्याच्या रक्ताचे तसेच करी. नंतर दोन्ही रक्ते वेदीच्या शिंगांना लावी आणि तिच्यावर 7 वेळा शिंपडी. इथपर्यंत पवित्रस्थान आणि वेदी यांची शुद्धी झाली. त्यानंतर जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करी, आणि नेमलेला माणूस त्या बकऱ्याला रानात सोडून येई. शेवटी याजक पुन्हा अंग धुऊन, वस्त्रे बदलून होमार्पणे करी. पापार्पणांची कातडी, मांस आणि शेण छावणीबाहेर जाळत.

एकाच दिवशी दोन बकरे का, याचे उत्तर मागच्या वादातही उपयोगी पडते. एकाचे रक्त देवासमोर जाते आणि दुसऱ्याबरोबर पाप नजरेआड जाते. शमवणे आणि पुसणे हे दोन्ही एकाच विधीत बसलेले आहेत.

दयासन म्हणजे देवाची खुर्ची का?

नव्हे. ‘कप्पोरेत’ हे कोशाचे, म्हणजे कराराच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचे झाकण होते, शुद्ध सोन्याचे, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद. त्याच्या दोन टोकांना त्याच सोन्याचे घडवलेले दोन करूब (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या आकृती) होते. कोशाची लांबी-रुंदीही तेवढीच (निर्गम 25:10, 17). ‘आसन’ ही कल्पना भाषांतरकारांकडून आली. जर्मनमध्ये लूथरने ‘कृपासन’ अशा अर्थाचा शब्द घेतला आणि इंग्रजीत टिंडेलने त्याच धर्तीवर. कल्पना अगदीच निराधार नाही, कारण देव करूबांवर विराजमान आहे असे शास्त्रात इतरत्र म्हटले आहे. फक्त विधी समजून घेताना डोळ्यांपुढे झाकण ठेवावे: खाली कराराच्या पाट्या, वर देवाची उपस्थिती, मध्ये रक्त शिंपडण्याची जागा.

रक्ताशिवाय प्रायश्चित्त होतच नसे का?

लेवीय 5:11 मध्ये सवलत आहे. मेंढी किंवा बकरी परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत. तेही जमत नसेल त्याने एक दशांश एफा (धान्याचे माप) सपीठ आणावे, तेल आणि धूप न घालता. त्याचेही प्रायश्चित्त होई. म्हणूनच इब्री 9:22 मध्ये ‘बहुतेक सर्व’ असा जपून शब्द आहे.

माणसाने माणसाचा राग शमवल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि शब्द शिकायला तीच सोपी पडतात. उत्पत्ती 32 मध्ये याकोब आपल्यावर रागावलेल्या भावापुढे, एसावापुढे, कळप पाठवतो: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडणी पिलांसह, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी आणि 10 गाढव. पिले सोडून 550 जनावरे, आणि तीही टोळ्या-टोळ्यांनी, मध्ये अंतर ठेवून. ‘भेटीने त्याचा राग शांत करीन’ या अर्थाच्या वाक्यात हिब्रूत ‘किप्पेर’च आहे. एसाव मात्र धावत येऊन गळ्यात पडतो आणि वर म्हणतो, माझ्याजवळ पुष्कळ आहे. याकोबाचा हिशेब फुकट गेला म्हणायचा.

1 शमुवेल 25 मधली अबीगईल हे ‘शमवणारी व्यक्ती’ या संज्ञेचे सर्वांत पूर्ण उदाहरण, जरी तिथे ‘किप्पेर’ शब्द नसला तरी. तिच्या नवऱ्याने अपमान केला म्हणून दावीद सूड घ्यायला 400 माणसे घेऊन निघाला आहे. ती 200 भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे तयार मांस, पाच मापे भाजलेले धान्य, खिसमिसांचे 100 घड आणि अंजिरांच्या 200 ढेपा घेऊन वाटेत गाठते. पण खरा भार तिच्या पहिल्या वाक्यावर आहे: हा दोष माझ्यावर असो. अन्न नंतर येते.

देवाच्या क्रोधासंदर्भात गणना 16:46-50 पाहावे. अहरोन धूपाटणे घेऊन मेलेले आणि जिवंत यांच्यामध्ये उभा राहतो आणि मरी थांबते; तोवर 14,700 मेले होते. (हिब्रू आवृत्तीत हाच भाग 17:11-15 आहे.) अहरोनाला धूपाटणे घेऊन धावायला मोशे सांगतो. व्यवस्था पुन्हा देवाच्याच बाजूची, कारण निखारे वेदीवरचे आहेत.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाने मराठी वाचकाची गल्लत होते का?

होते, आणि ती गंभीर असते. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त करतो तो ज्याने पाप केले तोच. मनुस्मृतीचा 11 वा अध्याय किंवा याज्ञवल्क्य स्मृतीतला प्रायश्चित्ताध्याय पाहिला, तर कृच्छ्र, चांद्रायण अशी व्रते कर्त्याने स्वतः करायची आहेत. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवत आणि घटवत नेतात. रोजच्या बोलण्यातही ‘आता भोग आपल्या कर्माचे प्रायश्चित्त’ असे आपण ज्याचे त्याला ऐकवतो.

नव्या करारात कर्ता बदलतो. पाप एकाचे, प्रायश्चित्त दुसऱ्याकडून. हा फरक सांगितला नाही तर श्रोता ‘ख्रिस्त आपले प्रायश्चित्त आहे’ हे ऐकतो खरा, पण घरी जाऊन उपास कोणते करायचे याचा विचार करतो. पश्चात्ताप हा तिसराच शब्द आहे. तो पापी माणसाने करायचाच असतो, पण तो प्रायश्चित्ताची किंमत नव्हे.

पिता रागावलेला आणि पुत्र दयाळू, असे चित्र बरोबर आहे का?

नाही. सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक हीच. रोम 5:8 आणि 1 योहान 4:10 दोन्ही पित्याच्या प्रीतीपासून सुरू होतात. पुत्राने पित्याचे मन वळवले असे एकाही वचनात नाही. क्रोध म्हणजे लहरीपणाही नव्हे. पौल त्याला अधर्माविरुद्धचा, न्यायाशी जोडलेला क्रोध म्हणतो. म्हणून ‘देवाला खूश केले’ असे बोलू नये. त्याने शब्दाला लाच देण्याचा वास लागतो.

मध्यस्थ, कैवारी, प्रमुख याजक आणि शमवणारा, हे सारे एकच का?

व्यक्ती एक, कामे वेगळी. मध्यस्थ (1 तीमथ्य 2:5) दोन पक्षांमध्ये उभा असतो. कैवारी (1 योहान 2:1) पित्याजवळ आपली बाजू घेतो. प्रमुख याजक (इब्री 2:17) अर्पण करतो. शमवण्याचे कार्य त्या अर्पणाने होते. 1 योहान 2 मध्ये पहिल्या वचनात कैवारी आणि दुसऱ्यात प्रायश्चित्त असे लागोपाठ येतात, ते उगीच नाही. कैवाऱ्याकडे मांडायला आरोपीची निर्दोषता नाही, त्याच्याकडे प्रायश्चित्त आहे. मराठीत योहान 14:16 मध्ये पवित्र आत्म्यासाठीही ‘कैवारी’ येतो, तेव्हा संदर्भ पाहून बोलावे.

1 योहान 2:2 मधले ‘सर्व जगाच्या पापांबद्दल’ म्हणजे सगळ्यांचे तारण झालेच का?

या वचनावर मतभेद जुने आहेत. काहींच्या मते प्रायश्चित्त सर्वांसाठी आहे, लाभ विश्वासाने मिळतो. काहींच्या मते ‘जग’ म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय अशा सर्वांतले निवडलेले. 1618-19 च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने निवडलेल्यांचा पक्ष घेतला, तरी ख्रिस्ताचे मरण सर्व जगाच्या पापांना पुरून उरेल एवढ्या मोलाचे आहे असेही त्याच निर्णयात नोंदवले. रोम 3:25 मध्ये ‘विश्वासाच्या द्वारे’ हे शब्द आहेत. ते गाळून 1 योहान 2:2 एकटे वाचू नये.

मिस्सा हे प्रायश्चित्ताचे अर्पण आहे का?

रोमन कॅथलिक शिकवणीत, होय. (मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांची उपासना.) कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने सप्टेंबर 1562 मध्ये, 22 व्या बैठकीत तसे ठरवले. ते नवे अर्पण नसून क्रुसावरचेच अर्पण रक्तपाताशिवाय सादर होते, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रोटेस्टंट मंडळ्या इब्री 10:12 मधल्या ‘एकच अर्पण’ यावर बोट ठेवून हे नाकारतात. चर्चा करताना समोरच्याच्या तोंडी ‘ख्रिस्ताला पुन्हा बळी देतात’ असे घालू नये, कारण कॅथलिक चर्च तसे म्हणत नाही.

मंदिर पडल्यावर यहुदी परंपरेत प्रायश्चित्त कसे राहिले?

इसवी सन 70 मध्ये मंदिर नष्ट झाले आणि रक्ताचा विधी थांबला. उपास, प्रार्थना आणि पश्चात्ताप यांनी तो दिवस आजही पाळतात. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या ‘योमा’ भागात (8:9) एक नियम आहे: माणसाने माणसाचा केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसाने फिटत नाही, आधी त्या माणसाला शांत करावे लागते. मध्ययुगीन यहुदी पंडित मैमोनिदीसने पायऱ्या दिल्या आहेत. नुकसान भरून द्यावे, मग क्षमा मागावी. तो ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जावे, असे तीनदा करावे, आणि तरी नाही म्हणाला तर सोडून द्यावे. मग दोष न देणाऱ्याचा.

जकातदाराच्या प्रार्थनेचा याच्याशी काय संबंध?

लूक 18:13 मध्ये, येशूच्या दृष्टांतात, मंदिरात आलेला जकातदार ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणतो. ग्रीकमध्ये ते ‘हिलास्थेती’ आहे, म्हणजे जवळपास ‘माझ्याबाबतीत शांत हो, प्रायश्चित्त होऊ दे’. त्याच अध्यायात 38 व्या वचनात यरीहोजवळचा आंधळाही ‘दया कर’ म्हणतो, पण तिथे ‘एलेएसोन’ आहे, दुःखितावर करुणा करण्याची विनंती. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. जकातदार मंदिरात उभा आहे, अर्पणे होतात त्या जागी, आणि त्याची विनंती त्या जागेला धरून आहे.

उपदेशात किंवा भाषांतरात कोणता शब्द वापरावा?

‘प्रायश्चित्त’ सोडू नये, वाचकांच्या कानी तो बसलेला आहे. पहिल्यांदा येईल तेव्हा एक वाक्य जोडावे: ‘देवाने स्वतः पुरवलेले, आपल्या ऐवजी दुसऱ्याने केलेले’. व्यक्तीबद्दल बोलताना ‘प्रायश्चित्त करणारा’ किंवा ‘कोप शमवणारा’ चालेल. ‘कोपशामक’ कागदावर नीट दिसते, बोलताना औषधासारखे वाटते. ‘मनधरणी करणारा’ टाळावे, कारण मनधरणीत समोरचा रुसलेला असतो आणि न्यायाचा प्रश्नच नसतो. ‘समेट’ हा शब्द 2 करिंथ 5:18-20 साठी राखून ठेवावा. तिथे ग्रीकमध्ये वेगळेच कुळ आहे, आणि समेट हा शमवण्याचा परिणाम आहे, त्याचे दुसरे नाव नव्हे.